सणसरच्या चौकात माझा फोटो

सणसर,
१० जानेवारी २०२६

प्रिय संदेश,

माझी नोकरी गेली.

हे वाक्य लिहिलं तर कसं दिसतं ते बघायचं होतं, म्हणून हे पत्र. तोंडाने मी ते अजून एकदाही म्हटलेलं नाही. समोर असतास तर तुला 'अहो' म्हटलं असतं, तुझ्या आईने लावलेली सवय. पण कागदावर तू मला नेहमी 'तू'च राहिलास, कॉलनीतल्या शाळेत होतास तसा.

आपण इतक्या वर्षांत श्रेयाच्या लग्नाच्या खरेदीपलीकडे काही बोललेलो नाही, आणि मी पहिली बातमी तुलाच देते आहे. का, ते मलाही नीट कळत नाही. बहुतेक यासाठी की तू 'होईल सगळं ठीक' म्हणणार नाहीस. तू म्हणशील, 'बरं. जेवलीस का?'

मंगळवारी झालं. सकाळी फोनवर मीटिंगचं बोलावणं आलं. मला वाटलं नव्या कामाचं असेल. पडद्यावर एच.आर.मधली एक मुलगी, आपल्या श्रेयाच्या वयाची, आवाज गोड. ती समोरचं काहीतरी वाचत होती, कारण मध्येच एका ओळीवर अडखळली आणि ती ओळ तिने पुन्हा पहिल्यापासून वाचली. माझ्या टीमचं निम्मं काम आता यंत्रच करतं, त्यामुळे माझी जागा उरलेली नाही, असा त्याचा अर्थ होता. शेवटी तिने विचारलं, "मॅम, तुम्हाला काही विचारायचंय?" मी म्हणाले, "नाही. थँक यू."

हॉस्टेलमध्ये सिस्टर अ‍ॅग्नेसने शिकवलं होतं ना, समोरच्याचं बोलणं संपलं की आभार मानायचे. मी आभार मानले, संदेश.

मग टीममधल्या मुलींना निरोपाचे चार शब्द लिहायला घेतले. दुसऱ्या वाक्याच्या मध्यावर पडदा काळा झाला आणि पासवर्ड मागायला लागला. मी माझा पासवर्ड टाकला. तो माझा राहिला नव्हता.

मी रडले नाही. घर झाडलं, फ्रीज रिकामा केला, कुलूप लावलं आणि स्वारगेटला जाऊन बसले. बारामतीला गाडी बदलून इथे रणजितकडे उतरले. रणजितला आणि सारजावहिनीला सांगितलंय, संक्रांतीची सुट्टी काढून आले. दोघंही खूश आहेत. सारजा म्हणाली, "वन्सं, आता चांगलं म्हैनाभर ऱ्हावा. माहेराला आलाय, ताट बी उचलायचं न्हाय."

हे कुणाला सांगू नकोस. श्रेयाला तर नाहीच. ती तिकडे परदेशात याच धंद्यात आहे, उगाच घाबरेल.

योगिनी


सणसर,
१५ जानेवारी, किंक्रांत

संदेश,

आज काही सुरू करू नये म्हणतात, म्हणून पत्रही सुरू करत नाही, परवाचंच पुढे लिहिते आहे असं समज.

अंगाला अजून कळलेलं नाही. सकाळी दहा वाजले की मी जिथे असेन तिथून उठते. काल सारजाच्या चुलीसमोर बसले होते, हातातली भाकरी तव्यावर टाकून तशीच उभी राहिले. दहाची मीटिंग. सारजा म्हणाली, "काय झालं? इंगळ पडला का पायावर?" मी बसले. भाकरी करपली होती.

शिवाय हात सारखा गळ्याकडे जातो, ओळखपत्र चाचपायला. ते सारजाने पकडलं. "काय हुडकताय वन्सं गळ्यात? डोरलं तर जाग्यावर हाय." तिच्या ते लक्षात आलं तेव्हा मला उगाचच लाजल्यासारखं झालं. अजून घालते मी ते. सवय.

कालची संक्रांत जड गेली. बायका ओवसायला आल्या, हरभऱ्याचे घाटे, बोरं, उसाची कांडकी, सगळं पदरात पडलं. दगडाबाई आठवते तुला? आमच्या बांधाला बांध असलेली, बाबांना भर रस्त्यात 'ए सायेब' म्हणून हाक मारायची ती. आता पाठीत पूर्ण वाकली आहे, पण जीभ ताठ आहे. मला म्हणाली, "योगे, एवढी सुट्टी? तुझी कंपनी हाय का झेडपीची साळा?" सगळ्या हसल्या. मीही हसले. तिळगूळ तोंडात होता आणि चव कशाचीच लागत नव्हती.

एक खरं सांगू? येताना बारामतीच्या स्टँडवर तुझ्या वालचंदनगरची गाडी लागलेली होती. मी तिच्या दारापर्यंत गेले होते. कंडक्टर म्हणाला, "चला मावशी, बसा, जागा हाय." मी म्हटलं, चुकीची गाडी आहे. मला बाबांचं क्वार्टर आठवलं, मागच्या अंगणातला पेरू, कारखान्याचा भोंगा झाला की सगळ्या कॉलनीतून एकदम सुटणाऱ्या सायकली, आणि त्यात सर्वांत शेवटी, कुणाशी तरी बोलत बोलत येणारा तू. मग शेजारी उभी असलेली सणसरची गाडी धरली.

आता कामाचं. कंपनीची ईमेल आली आहे. सहा महिन्यांचं काम देऊ करतात, घरबसल्या. माझ्या टीममध्ये ज्या नऊजणी अजून आहेत, त्या सॉफ्टवेअरमधली चूक कशी शोधतात, कशावरून त्यांना शंका येते, कुठे थांबतात, ते सगळं मी त्यांच्याजवळून काढून घ्यायचं आणि यंत्राला शिकवायचं. त्यानंतर त्या नऊजणींचं काय, हे ईमेलमध्ये लिहिलेलं नाही. लिहायची गरजही नाही. सत्तावीस तारखेपर्यंत हो किंवा नाही कळवायचंय.

पद मात्र मोठं आहे. नावापुढे 'सल्लागार' लागेल. मी ती ईमेल सकाळपासून इतक्या वेळा उघडली की फोन तापला.

योगिनी


सणसर,
१९ जानेवारी

संदेश,

मी चौकात टांगलेली आहे.

थट्टा नाही. काल दुकानात जायला निघाले, तर चौकात बारा-पंधरा फुटांचा फ्लेक्स. त्यावर मी. दहा वर्षांपूर्वीचा फोटो, ओठांना कुणीतरी संगणकावर लाली लावलेली. माझ्या एका खांद्यामागे कॉम्प्युटर, दुसऱ्या खांद्यामागे विमान, खाली हिरवागार ऊस. मजकूर असा:

'सणसरच्या सुकन्या सौ. योगिनीताई यांची आंतरराष्ट्रीय सॉफ्टवेअर कंपनीच्या डायरेक्टरपदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!'

खाली शुभेच्छुकांची गोल गोल डोकी, सगळ्यात मोठं रणजितचं. गॉगल लावलेलं.

मी किती वेळ तिथे उभी होते देव जाणे. उसाचा एक ट्रॅक्टर मागून भोंगा वाजवत होता. ड्रायव्हरने आधी शिवी देण्यासाठी तोंड उघडलं, मग फ्लेक्सकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि म्हणाला, "नमस्कार मॅडम."

घरी येऊन रणजितला विचारलं, हे काय आहे? तो जनावरांना वैरण टाकत होता, मान वर केली नाही. "काय म्हंजी? बढती झाली की लावत्यातच बोर्ड. त्या फेसबुकवर न्हाय का तुझा फोटो, हातात काचेची ढाल घेतलेला?" ती ढाल कंपनीत वीस वर्षं झाल्याबद्दल मिळाली होती, संदेश. त्याचा याने डायरेक्टर केला. मी म्हणायला हवं होतं, रणजित, तसं नाहीये. तोंड उघडलंसुद्धा. पण तेवढ्यात दारात आबासाहेब. आमचे माजी सरपंच, आता हायस्कूलच्या संस्थेवर आहेत. सव्वीस जानेवारीला हायस्कूलमध्ये झेंडावंदनानंतर माझा सत्कार ठरला आहे. शाल, श्रीफळ आणि माझं भाषण. विषय: 'ग्रामीण मुलींना सॉफ्टवेअर क्षेत्रातील संधी'.

मी त्यांना काय म्हणाले असेन ते तुला कळलंच असेल. थँक यू म्हणाले.

आज सकाळपासून पाच घरची माणसं येऊन गेली. प्रत्येकाच्या हातात मुलाचा बायोडाटा. "ताई, कुठंतरी चिकटवा की. पगार असूदे कमी, पर कंपनी म्हणून सांगता आलं पायजे. सोयरिकीला बघत्यात." मी सगळे कागद घेतले, एकावर एक नीट रचून ठेवले. संदेश, मी स्वतः बेकार आहे आणि माझ्या उशाशी पाच मुलांच्या नोकऱ्या आहेत.

योगिनी


सणसर,
२२ जानेवारी

संदेश,

तू सांगितलंस.

मी लिहिलं होतं, कुणाला सांगू नकोस. पत्र तुला चौदा तारखेला मिळालं आणि त्याच दुपारी तू रणजितला फोन केलास.

आज हे सारजाच्या तोंडून निघालं. मी तिला म्हणत होते की या बोर्डाचा अगदी वैताग आला, रणजितच्या डोक्यात हे आलं तरी कुठून. ती शेंगा फोडत होती. फोडता फोडता थांबली आणि म्हणाली, "वन्सं, मला न्हाय असलं पोटात ठेवता येत. दाजींचा फोन आलता." दाजी म्हणजे तू. "म्हणले, तिची नोकरी गेलीया, तिला काय बी इचारू नका, फकस्त जेवायला घाला."

मग मी गोठ्यात गेले. रणजितला म्हटलं, तुला माहीत होतं. तो बादली खाली ठेवून उभा राहिला, लहानपणी कैऱ्या चोरताना सापडला की उभा राहायचा तसा.

"व्हय. म्हाईत होतं."

"आणि माहीत असून तू बोर्ड लावलास?"

"म्हाईत होतं म्हणूनच लावला," तो म्हणाला. "ताई, तू हितं सुट्टीला येतीस, दोन दिस ऱ्हातीस, जातीस. तुला गाव म्हाईत न्हाय. नवऱ्याकडं नांदत न्हाय, आता नोकरी बी गेली, म्हणून भावाच्या दारात येऊन बसली, असं म्हणलं असतं लोकांनी. तुझ्या तोंडावर कोण न्हाय बोलणार. मला बोलत्यात, डेअरीवर. सारजाला बोलत्यात. हितं एकदा बोर्ड लागला ना, की कुणी इचारत न्हाय. बोर्डावरच्या माणसाला कोण इचारणार, का आलाय म्हणून?"

मी ओरडणार होते. माझ्याकडे शब्दही तयार होते. पण त्याने गॉगल लावून फोटो काढला होता, माझ्या नावाखाली मोठा दिसायला. आणि आता त्याच्या बोटांना वैरणीचा चिकट रस लागला होता, आणि तो माझ्या डोळ्यांकडे बघत नव्हता. मी परत फिरले.

तर आता माझी स्थिती अशी. सव्वीसला मी गप्प राहिले, तर चारशे मुलींसमोर डायरेक्टर म्हणून उभी राहीन आणि त्यांना सांगेन की या धंद्यात या, फार संधी आहेत. खरं बोलले, तर माझा भाऊ सगळ्या गावात खोटारडा ठरेल. त्याच्या नावाने डेअरीवर जन्मभर हसतील.

आणि तिसरी वाट त्या ईमेलमध्ये आहे. 'हो' लिहिलं की बोर्ड जवळजवळ खरा होतो. डायरेक्टर नाही, सल्लागार तर सल्लागार. कुणाला फरक कळणार नाही. रणजितची मान ताठ राहील. किंमत मोजायची ती नऊजणींनी, आणि त्या इथून लांब आहेत, त्यांची तोंडं मला दिसणार नाहीत. त्यातल्या एकीला, निकिताला, मीच शिकवलं होतं. ती अजून मला मेसेज करते, मॅम, बऱ्या आहात ना?

तुझ्यावर मी रागावले आहे, हे स्वच्छ लिहून ठेवते. इतक्या वर्षांनी तुला एक गोष्ट सांगितली, आणि तू ती घेऊन माझ्याच भावाकडे गेलास.

'फक्त जेवायला घाला.' हे वाक्य मात्र सकाळपासून डोक्यातून जात नाही. त्याने राग नीट टिकू दिला नाही, म्हणून आणखी राग आला.

योगिनी


सणसर,
२६ जानेवारी, संध्याकाळ

संदेश,

घाईत लिहिते आहे, अक्षर समजून घे.

सकाळी सारजाने तिची पैठणी माझ्यासाठी काढून ठेवली होती. रणजितने पांढरा शर्ट घातला होता, कडक इस्त्रीचा. चौकात त्याने गाडी जरा जोरात घेतली.

झेंडावंदन झालं, कवायत झाली. आबासाहेबांनी माझी ओळख करून दिली. बोर्डावर कंपनी फक्त आंतरराष्ट्रीय होती, त्यांनी ती अमेरिकेत नेली आणि मला तिथे दोन वेळा पाठवलं. मुली समोर रांगेत बसल्या होत्या, दोन वेण्या, लाल रिबिनी. बाजूला खुर्च्यांवर गावकरी. पहिल्या खुर्चीवर दगडाबाई, तिला तिथून उठवायची कुणाची हिंमत नव्हती.

माझ्या हातात रात्री लिहून काढलेलं भाषण होतं. दोन भाषणं होती, खरं तर. एक पर्समध्ये होतं. उभी राहिले तेव्हा दोन्हीतलं कुठलंच वाचलं नाही. मी म्हणाले,

"चौकातल्या बोर्डावर जे लिहिलंय ते खरं नाही. मी डायरेक्टर नाही. या महिन्यात माझी नोकरी गेली. मी करत होते ते काम आता यंत्र करतं. मी घरी काहीच सांगितलं नव्हतं, त्यामुळे माझ्या भावाला ते माहीत नव्हतं. त्याने प्रेमाने बोर्ड लावला. चूक माझी."

हे शेवटचं खोटं होतं. पण तेवढं एक खोटं मला बोलायचंच होतं.

खांबावर झेंड्याची दोरी आपटत होती. मुलींनाही कळलं होतं की काहीतरी झालंय. मी पुढचं वाक्य शोधत होते. तेवढ्यात मागच्या खुर्च्यांतून रणजित उठला. त्याचा आवाज माईकशिवायच पोचतो, तुला माहीत आहे.

"मला म्हाईत होतं! ताई खोटं बोलतीया. मला म्हाईत होतं, आन् बोर्ड मीच लावलाय."

एवढंच म्हणून तो उभा राहिला, खाली बसेचना. सारजा त्याचा शर्ट मागून ओढत होती. कुणीतरी हसलं, मग हसणारा गप्प झाला. आबासाहेबांच्या हातात शाल उलगडलेली होती. ते एकदा माझ्याकडे, एकदा शालीकडे बघत होते. शेवटी मुख्याध्यापकांकडे वळून हळू म्हणाले, पण माईक चालू होता, "मग आता ह्या शालीचं काय करायचं?"

दगडाबाई खुर्चीतून ओरडली, "घाल की तिच्या अंगावर! थंडी हाय. नोकरी गेली म्हणून माणसाला थंडी वाजायची ऱ्हाती व्हय?"

संदेश, आधी मुली हसल्या. मग सगळे. आबासाहेबांनी शाल घातली, नारळ दिला, आणि त्यांचेच डोळे पाणावले होते. मी मुलींना दोन गोष्टी सांगितल्या: संगणक शिका, पण कुठल्याच कंपनीला आपलं घर समजू नका.

खरा धक्का त्यानंतर बसला. चहाच्या वेळी फुलाबाई जवळ आल्या. त्यांचा ऋषिराज पुण्याला इंजिनिअर आहे. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "ताई, आमचा ऋषी दिवाळीपासनं घरीच हाय. वर्क फ्रॉम होम हाय म्हणतो. पर लॅपटॉप काय उघडल्याला दिसंना. इचारलं की अंगावर येतो. त्याची बी...?" मी म्हटलं, विचारू नका. जेवायला घाला. त्या गेल्या तेव्हा कळलं, हे वाक्य माझं नव्हतं.

त्यांच्यामागून आणखी दोघं आपल्या घरातलं असंच सांगायला आले. दोघांनीही आधी इकडेतिकडे बघितलं.

मग मला जे अपेक्षित नव्हतं ते सुरू झालं. आबासाहेब म्हणाले, संस्थेच्या ऑफिसात कुणीतरी पाहिजेच आहे. डेअरीचे एकजण म्हणाले, संगणकावर बसाल का. एकाने तर पुढच्या ग्रामपंचायतीला उभ्या राहा म्हणून सांगितलं, निशाणीसकट. आठवडाभर बोर्डाखालून जाताना हीच माणसं मला वाकून नमस्कार करत होती. डायरेक्टरबाईला काम कोण विचारणार?

निघता निघता एक बाई आल्या, पंचेचाळिशीच्या, पायात बूट, हातात गाडीची किल्ली. स्वरूपा नाव, लोणी भापकरच्या. त्यांची भाची इथे शिकते. बारामतीच्या बाहेर त्यांचं डाळिंब आणि भाजीचं पॅकिंगचं युनिट आहे, माल परदेशात जातो.

"तुमचं काम नक्की काय होतं हो?" त्यांनी विचारलं.

"दुसऱ्यांच्या चुका शोधणं."

"मग आमच्याकडं या. रोज सापडतील," त्या म्हणाल्या. "खोक्यावर एका शेताचा नंबर, फवारणीच्या औषधाच्या रिपोर्टवर दुसऱ्याच. गेल्या महिन्यात माल बंदरावर अडकला. पोरं हुशार हायेत, पण इंग्रजी पत्र आलं की सगळी एकमेकांकडं बघत्यात. तुमच्या पगाराएवढा पगार न्हाय देता येणार, आधीच सांगते."

पगाराचा आकडा त्यांनी सांगितला. मी पुन्हा विचारला, नीट ऐकू आला नाही असं दाखवून. तोच होता.

संध्याकाळी रणजित आणि मी ओट्यावर बसलो होतो. त्याला म्हटलं, मी तुला वाचवत होते, मूर्खा, कशाला उठलास? तो म्हणाला, "तू एकटी उभी होतीस." मग बराच वेळ तो बूट काढत राहिला.

योगिनी


बारामती,
३१ जानेवारी

संदेश,

तुझं पत्र इथे पोचतं केलं सारजाने. चार ओळींचं. 'रणजितला सांगितलं, चुकलं. पण परत तशी वेळ आली तर परत सांगेन. मागची खोली रिकामी आहे. तू ये.'

आधी कामाचं सांगते, मग खोलीचं.

सत्तावीसला सकाळी कंपनीला 'नाही' लिहिलं. इंग्रजीत तीनच वाक्यं, आणि शेवटी थँक यू लिहिलं नाही. पाठवायचं बटण दाबलं आणि दहा वाजेपर्यंत तशीच बसून राहिले. मग निकिताला फोन केला आणि सांगितलं, काय चाललंय, पुढे काय येणार आहे, आणि तुम्ही नऊजणी आत्तापासून दुसरीकडे बघायला लागा. ती म्हणाली, "मॅम, मी परवाच फ्लॅटसाठी बयाणा दिला हो." मी तिच्यासोबत फोनवर नुसती थांबले.

मी चांगलं केलं का वाईट, मला अजून ठरवता येत नाही. ईमेलमधलं ते पद कुणीतरी दुसरं घेईलच. पण ते मी नसेन, एवढंच.

गुरुवारपासून स्वरूपाताईंकडे जाते आहे. इथे एका शिक्षिकाबाईंच्या घरात वरच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या आहेत. पुण्याचं घर भाड्याने देणार आहे. श्रेयाला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग म्हणाली, "आई, डाळिंबं?" आणि आम्ही दोघी खूप हसलो. मग तिने विचारलं, "बाबांना सांगितलंस?" मी म्हटलं, सर्वांत आधी. त्यावर ती म्हणाली, "बरं केलंस."

पहिल्या दिवशी पॅकिंगच्या मुलींनी मला मॅडम म्हणून खुर्ची दिली आणि लांब उभ्या राहिल्या. काल त्यांच्यातली एक म्हणाली, "मावशी, तुमी एकदम बरं बोलता, आमाला वाटलं तुमी रागीट असाल." शीतगृहातून आले की बोटं बधिर होतात. अजूनही दहा वाजता मी उठून उभी राहते. इथे मात्र त्याच वेळी पहिली गाडी माल घेऊन येते, त्यामुळे कुणाला काही वाटत नाही. हे काम मला जमेल का, टिकेल का, मला खरंच माहीत नाही. मी घाबरलेली आहे. पण आता निदान कशाला घाबरले आहे ते सांगू शकते.

आता खोली.

मी येणार नाही, संदेश. रागाने नाही. राग गेला. तू निवृत्त होऊन क्वार्टर सोडेपर्यंत दोन वर्षं आहेत, मागची खोली कोरडी आहे, सकाळी त्यात ऊन येतं, सगळं आठवतं मला. तू 'ये' लिहिलंस तो कागद मी किती वेळा उघडला ते सांगत नाही. पण मी नोकरी मिळाली म्हणून तिथून गेले होते. आपण भांडलोही नव्हतो, तू नुसता स्टँडपर्यंत ट्रंक घेऊन आला होतास. आता नोकरी गेली म्हणून आले, तर मधली सगळी वर्षं नुसती नोकरीचीच ठरतील. त्यात तू नव्हतास आणि मी होते, हे दोन्ही पुसलं जाईल. मला ते पुसायचं नाही. त्याबद्दल तुझ्याशी बोलायचं आहे, सावकाश, एकेक वर्ष घेऊन. ते मागच्या खोलीत राहून होणार नाही. तिथे राहिले की मी पाहुणी होईन नाहीतर बायको होईन, आणि दोघीही फार बोलत नाहीत.

म्हणून मी बारामतीत राहणार. माझी नोकरी, माझं भाडं, माझी भीती. आणि रविवारी सुट्टी असते.

पुढच्या रविवारी, आठ तारखेला, सकाळच्या एसटीने येईन. जेवायचा घाट घालू नकोस, तुझी आमटी मला माहीत आहे, मी भाजी करून आणते. संध्याकाळच्या गाडीने परत. कुणी विचारलं तर सांग, योगिनी बारामतीला कामाला आहे, डाळिंबाच्या पॅकिंगमध्ये.

स्टँडवर घ्यायला येऊ नकोस. कॉलनीतले सगळे त्या वेळी तिथेच चहाला उभे असतात, बघतील, विचारतील, दिवसभर त्यावरच बोलतील.

नाही, ये. बघू देत.

योगिनी